गरुडाजवळ भेटायचं ते दुकान बंद झालं

सातवा_मजला | २४ मार्च २०२५, रात्री ९:१२

काल फिलाडेल्फियातल्या वॉनामेकर इमारतीतलं मेसीज हे डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं. पाट्या बदलत गेल्या, पण तेराव्या रस्त्याच्या आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १९११ सालची ती इमारत उभी आहे आणि तिच्यात कुठलं ना कुठलं मोठं दुकान कायम होतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: वाड्याला चौक असतो तसा आत सगळ्यांसाठी उघडा असलेला चौक आहे, पण सात मजले उंच आणि संगमरवरी. मधोमध ब्राँझचा गरुड, अकराशे किलोंच्या वर वजनाचा. तो १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेतून, म्हणजे जागतिक प्रदर्शनातून, आणलेला. 'गरुडाजवळ भेटू' हे इथल्या चार पिढ्यांचं ठरलेलं वाक्य. वर ऑर्गन, तोही त्याच जत्रेतला, रेल्वेच्या तेरा वाघिणींतून आला आणि पुढे वाढवत वाढवत २८ हजारांहून जास्त नळ्यांचा झाला. २२ जून १९११ ला तो पहिल्यांदा वाजला, पंचम जॉर्जला लंडनमध्ये मुकुट चढत होता त्या वेळी. हा तोच राजा, ज्याच्यासाठी आपलं गेटवे बांधलं.

शनिवारी दिवसभर ऑर्गन वाजणार होतं म्हणून गेलो. पाय ठेवायला जागा नाही. जिने, कठडे, वरचे सज्जे, सगळीकडे माणसं आणि प्रत्येकाचा फोन वर. बाजूला रिकामे रॅक एकमेकांना बांधून ठेवलेले आणि त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या. कपड्यांच्या नव्हे, रॅकच्याच. माझ्यापुढे एक आजीबाई डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं. आणि एकदम मनात आलं, मेल्या, तू इथे घेतलंस काय?

चौदा वर्षं या शहरात आहे. जेवणाच्या सुट्टीत बाराचं ऑर्गन ऐकायला यायचो. स्वच्छतागृह वापरायचो. पाऊस थांबेपर्यंत टायांच्या टेबलांमधून हिंडायचो. खरेदी मात्र घरी सोफ्यावर बसून फोनवरून.

तर प्रश्न: तुमच्या शहराच्या मध्यभागी असं भारी दुकान होतं का? गेलं असेल तर कशामुळे? आणि खरं सांगा, तिथे शेवटचं काय विकत घेतलंत?

---

कोथरूडचा_बंडू | २४ मार्च, १०:०१

छान लिहिलंय. पार्किंग होतं का?

सातवा_मजला | १०:०४

गॅरेज होतं. गाडी लावायचे पैसे टायपेक्षा जास्त.

कोथरूडचा_बंडू | १०:०५

मग झालं की. उत्तर मिळालं, धागा बंद करा.

---

शिकागोची_सून | २५ मार्च, सकाळी ७:४०

आमच्याकडे स्टेट स्ट्रीटवरचं मार्शल फील्ड्स. इमारत आहे, कोपऱ्यावरचं मोठं घड्याळ आहे, आत टिफनीच्या काचांचा १९०७ सालचा घुमटही आहे. फक्त नाव गेलं. ९ सप्टेंबर २००६ ला मेसीजची पाटी लागली तेव्हा लोक फलक घेऊन खाली उभे होते. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. मला कळेना, दुकानाच्या नावासाठी मोर्चा? आपल्याकडे मोर्चा पाण्यासाठी, कांद्याच्या भावासाठी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दादरच्या तुझ्या त्या साडीवाल्यावर उद्या दिल्लीची पाटी लागली तर तू काय लाडू वाटशील?"

सासूबाई इथे जानेवारी १९७४ मध्ये उतरल्या. पायात चपला, अंगावर साडी, वरून सासऱ्यांचा कोट. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी त्यांना फील्ड्सला नेलं. वरच्या मजल्यांवर नाही, तळघरातल्या स्वस्त विभागात. तो कोट अजून आमच्या कपाटात आहे. अस्तर दोनदा बदललंय, पण बाहेरची लोकर तशीच.

पुढे बरी परिस्थिती आल्यावर दर नाताळात सातव्या मजल्यावरच्या वॉलनट रूममध्ये जायचं, ४५ फुटी झाडाखाली बसायचं, हा घरचा कुळाचार झाला. तिथलं नावाजलेलं खाणं म्हणजे चिकन पॉट पाय. टोप्यांच्या विभागातल्या एका बाईंनी १८९० साली दमलेल्या गिऱ्हाइकांना स्वतःचा डबा वाढला आणि त्यातून उपाहारगृह निघालं, अशी गोष्ट सांगतात. सासूबाई पक्क्या शाकाहारी. तीस वर्षं त्या तिथे सूप आणि पाव खाऊन आल्या. वाढणाऱ्या बायकांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

शेवटचं काय घेतलं? फ्रँगोच्या पुदिन्याच्या चॉकलेटचा डबा. तोही कूपनवर.

---

आकडेमोड | २५ मार्च, दुपारी १२:३०

'ऑनलाइनने मारलं' हे उत्तर लवकरच येणार, म्हणून आधीच तारखा मांडतो.

डेट्रॉइटचं हडसन्स. वुडवर्ड अव्हेन्यूवर अख्खा ब्लॉक व्यापणारं अवाढव्य दुकान. जानेवारी १९८३ मध्ये बंद. ॲमेझॉनचा जन्म १९९४ चा. म्हणजे आरोपी जन्मायच्या अकरा वर्षं आधी खून झालेला आहे.

मग मारलं कोणी? हडसन्सनेच. १९५४ साली त्यांनी शहराबाहेर साउथफील्डला नॉर्थलँड नावाचं भलंमोठं शॉपिंग सेंटर काढलं. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन. फुकट पार्किंग, हजारो गाड्यांचं. दोन वर्षांनी मिनियापोलिसच्या डेटन्सनी त्याच ग्रुएनकडून साउथडेल बांधून घेतलं, ते तर पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित. त्याच वर्षी, १९५६ मध्ये, आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. गिऱ्हाईक उपनगरात राहायला गेलं, त्याच्यामागे दुकान गेलं. मूळ दुकान खानदानाची शान म्हणून चालवत राहिले, आणि शान तोट्यात फार दिवस चालत नाही.

हडसन्सची रिकामी इमारत २४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून पाडली. बघायला गर्दी झाली होती. दुकान चालू असताना शेवटच्या वर्षांत तेवढी आली असती तर... असो.

वऱ्हाडी_ठेचा | १२:५२

म्हंजे म्हाताऱ्यानं सोताच गावाबाहेर नवं घर बांधलं, समदे पोरं तिकडं नेले, अन् मंग जुन्या वाड्यात दिवा लावाले कोणी नाही म्हून रडत बसला. बरोबर न भाऊ?

आकडेमोड | १२:५५

माझ्या चार परिच्छेदांपेक्षा हे बरं आहे.

---

तिखटमीठ | २५ मार्च, दुपारी ३:१८

मला या दुकानांचं दुःख फक्त जून महिन्यात होतं, आईबाबा येतात तेव्हा. पूर्वी त्यांना तिथे सोडलं की चार तास निश्चिंत. बाबा गाद्यांच्या विभागात. गादी घ्यायची नसते, बसायची असते. आई अत्तरांच्या काउंटरवर, दोन्ही मनगटं, दोन्ही कोपर, मग माझी मनगटं. शेवटी टर्किश टॉवेल, सहा, वीस टक्के अधिक वीस टक्के कूपन, आणि मग परतताना विमानतळावर तेवीस किलोंच्या बॅगेतून तेच टॉवेल बाहेर.

अवांतर: तसे जाड टॉवेल आता कुठे मिळतात?

रानजाई | ३:३०

कॉस्टको.

कोथरूडचा_बंडू | ३:३१

तुळशीबाग.

तिखटमीठ | ३:३३

बंडू, तुळशीबागेतला टॉवेल पाणी टिपत नाही, फक्त इकडून तिकडे फिरवतो.

---

उंबरठा_७१ | २५ मार्च, रात्री ८:४५

गळे काढणं पुरे झालं असेल तर थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलतो.

'सगळ्यांसाठी उघडा असलेला चौक' वगैरे वाचायला गोड वाटतं. ही दुकानं सगळ्यांसाठी कधीच नव्हती. मुंबईत फोर्टात हॉर्नबी रोडवर व्हाइटवे लेडलॉ होतं, साहेब लोकांचं. उधारी बंद, सगळं रोख, म्हणून त्याला लोक गमतीने 'राइट अवे अँड पेड फॉर' म्हणत. माझे आजोबा तिथून दोन मिनिटांवर कारकुनी करायचे. रोज त्या काचांसमोरून जायचे. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आलं, तेव्हा ते पहिल्यांदा त्या दारातून आत गेले आणि एक पंचा घेऊन बाहेर आले. ती त्यांची 'अपस्केल' खरेदी.

नंतरच्या काळाचंही तेच. १९९९ साली हाजीअलीला क्रॉसरोड्स मॉल निघाला तेव्हा मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा प्रकार सुरू केला होता. पेपरांत बरीच बोंबाबोंब झाली. थोडक्यात, दार असतं तिथे दारवान असतो. सातवा_मजला यांना पावसात टायांमधून हिंडू दिलं कारण त्यांच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. ते नसतं तर?

सातवा_मजला | ९:२०

मुद्दा लागला. ओळखपत्र खरंच असायचं गळ्यात.

सावळा_गोंधळ | ९:५०

उंबरठा यांना अनुमोदन, पण पूर्ण नाही. अटलांटाचं रिच्स घ्या. १९३० च्या मंदीत शहराकडे पैसे नव्हते, शिक्षकांना पगार म्हणून कागदी चिठ्ठ्या दिल्या. रिच्सनी त्या चिठ्ठ्यांवर रोख पैसे दिले, काही घेण्याची सक्ती नाही. लोक हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत. आणि याच रिच्समध्ये काळ्या गिऱ्हाइकाने कापड विकत घ्यायचं, पण मॅग्नोलिया रूममध्ये जेवायला बसायचं नाही. १९ ऑक्टोबर १९६० ला विद्यार्थी तिथे जाऊन बसले, त्यांच्याबरोबर मार्टिन ल्यूथर किंग. अटक झाली.

दोन्ही गोष्टी एकाच दुकानाच्या. माझी शेजारीण, वय ऐंशीच्या पुढे, काळी, तिला रिच्सच्या नारळाच्या केकची आठवण काढताना मी पाहिलंय. मी विचारलं, राग नाही येत? म्हणाली, राग त्यांचा, केक माझा. त्यानंतर केकच्या थरांवर दहा मिनिटं बोलली.

मध्यवर्ती रिच्स १९९१ ला बंद झालं.

---

गिरगावकर_मूळचा | २६ मार्च, सकाळी ६:१५

उंबरठा, तुमच्या आजोबांना व्हाइटवे होतं, आम्हाला फाउंटनचं अकबरअलीज होतं. तिथे दारवानाने अडवल्याचं मला आठवत नाही. वडील महिन्याच्या पहिल्या शनिवारी न्यायचे. मला आठवतो तो वास: साबण, नवीन चामडं आणि कुठूनतरी बिस्किटं, एकाच छपराखाली. गिरगावात साबणाचा वास वाण्याकडे, चामड्याचा चांभाराकडे, बिस्किटाचा इराण्याकडे. तिन्ही एकत्र म्हणजे 'मोठं दुकान', अशी माझी व्याख्या.

घेतलं काय, तर शाळेची पाण्याची बाटली. बाकी वडील प्रत्येक वस्तू उचलून किंमत बघायचे, "हं" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. विक्रेते ओळखायला लागले होते. एकाने तर एकदा विचारलं, "आज काय ठेवून जाणार, साहेब?"

तिखटमीठ | ६:४०

"आज काय ठेवून जाणार" हे मी घराच्या दारावर लावणार आहे.

---

आकडेमोड | २६ मार्च, दुपारी १:०५

खुनाचा दुसरा अंक राहिला होता. शहर सोडून गेलेलं गिऱ्हाईक नव्वदच्या दशकात थोडं परतू लागलं होतं, तरी दुकानं का सावरली नाहीत? कारण तोवर ती दुकानदारांची राहिली नव्हती. वॉनामेकर घराण्याने १९७८ मध्ये विकलं. मग हातोहात फिरलं. हेक्ट्स झालं, लॉर्ड अँड टेलर झालं, २००६ ला मेसीज. फील्ड्सचं तेच: २००५ मध्ये मेसीजची मालक फेडरेटेड हिने फील्ड्सची मालक मे कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी देशभरातल्या शेकडो दुकानांवरची जुनी नावं पुसून एकच नाव लावलं. प्रत्येक शहराचं दुकान वेगळं होतं, खरेदी करणारे अधिकारी त्याच शहरातले होते. ते एकाच कार्यालयात बसायला लागल्यावर शिकागोच्या दुकानात जे मिळतं तेच उपनगरातल्या मॉलमध्ये. मग कोणी तासभर गाडी चालवून का जाईल?

तिसरा अंक जमिनीचा. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर लॉर्ड अँड टेलरची १९१४ ची इमारत. मालकांच्या लक्षात आलं की आत कपडे विकण्यापेक्षा इमारतच विकणं फायद्याचं. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कशी ८५ कोटी डॉलर्सना सौदा. जानेवारी २०१९ ला दुकान बंद. पुढे वीवर्कचेच फासे उलटले आणि २०२० मध्ये ती इमारत घेतली कोणी? ॲमेझॉनने. ऑफिससाठी.

वऱ्हाडी_ठेचा | १:१४

म्हंजे आरोपी खुनाच्या टायमाले जन्मला नोता, पन वारस म्हून हजर झाला.

---

टाचणी | २७ मार्च, रात्री ११:३०

बरीच वर्षं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी अशा एका दुकानात काम केलंय, म्हणून.

मिडवेस्टमधल्या एका शहराच्या मध्यभागी. नाव सांगत नाही. काम करायचा परवाना मिळाला आणि ऑल्टरेशन विभागात लागले, अकरा वर्षं. पाचव्या मजल्याच्या मागच्या बाजूला, मालाच्या लिफ्टजवळ आमची खोली. सहा मशिनं. एक इटालियन आजोबा, दोन व्हिएतनामी बहिणी, एक पोलिश बाई, मी आणि एक जागा कायम रिकामी. भाषा कोणाचीच धड नाही, पण 'इथे दोन सूत' हे सगळ्यांना बोटाने कळायचं. डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी, तोंडात टाचणी धरायची नाही, हा आजोबांचा नियम, आणि ते स्वतः कायम तोंडात धरायचे.

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की सांगायचं, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, रोज जसे उभे राहता तसे उभे राहा. निम्म्या लोकांना जमतच नाही. पॅन्ट दुमडताना बुटावर कापड किती टेकेल ते चॉकने आखायचं. चांगल्या सुटाच्या आत शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडलेलं असायचं, पुढे माणूस जाड होईल म्हणून. आम्ही तोच सूट दहा वर्षांनी सैल करून द्यायचो. आजोबा उसवताना म्हणायचे, "या माणसाचं बरं चाललंय."

माझ्या शेवटच्या तीन-चार वर्षांत ते जादा कापड यायचं थांबलं. शिवण कापडाच्या कडेला. सैल करायला काही नाहीच. कंपनीनेच माल स्वस्त केला, किंमत तीच ठेवली. मग लोक म्हणायला लागले की हेच ऑनलाइन निम्म्यात मिळतं, आणि खरंच मिळायचं. नंतर तर लग्नाचे ऑनलाइन घेतलेले झगे घेऊन मुली आमच्याकडे यायच्या, बसत नाही म्हणून रडत. आधी नियम होता, फक्त आपल्या दुकानाचा माल घ्यायचा. शेवटी आम्ही काहीही घ्यायचो.

आकडेमोड यांच्या तारखा बरोबर असतील. मला विचाराल तर ती दोन बोटं गेली तेव्हा दुकान गेलं.

सातवा_मजला | २८ मार्च, सकाळी ६:०५

टाचणीताई, दंडवत. धागा तुमच्या नावे करून टाकावा म्हणतो.

शिकागोची_सून | ६:५०

आत्ता सासूबाईंचा कोट उलटा करून बघितला. आहे. दोन बोटांहून जास्तच.

आकडेमोड | ८:००

मान्य. हे माझ्या तक्त्यात नव्हतं.

कोथरूडचा_बंडू | ८:१०

लक्ष्मी रोडवर ब्लाउजला अजून ठेवतात माया. दुपारी एक ते चार सोडून.

रानजाई | ८:१२

बंडू, तो विनोद आता निवृत्त होऊन पेन्शन खातोय.

---

ओसाकावासी | २९ मार्च, दुपारी २:२०

जपानबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. इथे शहराच्या मध्यातलं डिपार्टमेंट स्टोअर अजून तग धरून आहे, कारण त्याच्या पोटात रेल्वे स्टेशन आहे. सुरुवात आमच्या ओसाकातूनच. १९२९ मध्ये हान्क्यू रेल्वेने उमेदा स्टेशनवर स्वतःचं दुकान काढलं. रेल्वे त्यांची, उपनगरातली घरं त्यांनीच बांधून विकलेली, दुकान त्यांचं. अमेरिकेत गिऱ्हाईक उपनगरात गेलं आणि दुकान सुटलं. इथे उपनगरातून येणारी गाडीच दुकानात येऊन थांबते. बंडू, पार्किंगचा प्रश्नच नाही.

मूळ धाग्यातल्या 'मी काही घेतलं नाही' या बोचणीवर एक गोष्ट. मंदीच्या दिवसांत हान्क्यूच्या उपाहारगृहात लोक फक्त पाच सेनचा पांढरा भात मागवायचे आणि टेबलावरचा फुकट सॉस ओतून खायचे. कर्मचारी वैतागले. मालक इचिझो कोबायाशी यांनी बाहेर पाटी लावली: नुसता भात मागवणाऱ्या गिऱ्हाइकांचं स्वागत आहे. त्यांचा हिशेब साधा होता. आज परवडत नाही, उद्या लग्न होईल, पोरं होतील, तेव्हा इथेच येतील. आणि आले म्हणतात.

उंबरठा_७१ | ३:०५

ही पाटी आवडली. मी सहसा कोणाला एवढ्या सहज सोडत नाही.

आकडेमोड | ३:४०

पण तिथेही गळती सुरू आहेच ना? यामागाता प्रांतातलं शेवटचं डिपार्टमेंट स्टोअर २०२० मध्ये गेलं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये टोकियोत इकेबुकुरोच्या सेइबूच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला, विक्रीविरुद्ध. जपानमध्ये दुकानाला संपाने टाळं लागणं म्हणजे केवढी गोष्ट.

ओसाकावासी | ४:१५

आहे. छोट्या शहरांतली जातायत, तिथे तरुण माणसंच उरली नाहीत. मोठ्या शहरांतलीही वरच्या मजल्यांवर ओस असतात. खरी गर्दी तळघरात, खाण्याच्या विभागात, संध्याकाळी सातनंतर, निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात तेव्हा. मी पण तिथेच असतो. स्टिकर लावणाऱ्या बाईंच्या मागे मराठी माणूस किती अंतर ठेवून चालतो, यावर प्रबंध होईल.

---

मेपल_लीला | २ जून २०२५, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. काल कॅनडात हडसन्स बेची उरलेली सगळी दुकानं बंद झाली. डेट्रॉइटच्या हडसन्सशी संबंध नाही, ही वेगळी. कंपनी १६७० ची. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या चार वर्षं आधीची! बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारापासून अत्तराच्या काउंटरपर्यंत आली आणि संपली.

टोरांटोच्या क्वीन स्ट्रीटच्या दुकानात गेल्या आठवड्यात गेले होते. पुतळे विकायला काढले होते, उभे, कपड्यांशिवाय, काहींना हात नाहीत. एक मुलगा पुतळा खांद्यावर टाकून भुयारी रेल्वेत शिरला. मला ती हिरव्या-लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची पांढरी घोंगडी हवी होती, इतकी वर्षं 'पुढच्या हिवाळ्यात घेऊ' म्हणत होते. ती कधीच संपली होती. आता जुन्या वस्तूंच्या साइटवर तिप्पट भावात दिसतेय.

शेवटचं काय घेतलं: दोन लाकडी हँगर.

वऱ्हाडी_ठेचा | १०:३०

साडेतीनशे वर्सं! अन् आमच्याकडं 'स्थापना १९८८' लिवलं का लोकं पाया पडते.

---

गिरगावकर_मूळचा | ६ डिसेंबर २०२५, सकाळी ९:००

धागा पुन्हा वर. इकडे उलटी गंगा. काळ्या घोड्याला पॅरिसचं गॅलरी लाफायेत हे डिपार्टमेंट स्टोअर उघडलंय, बिर्लांबरोबर. टर्नर मॉरिसन आणि व्होल्टास हाऊस, दोन्ही जुन्या इमारती झकास दुरुस्त केल्यात. तिकडची बंद पडतायत आणि इथे फोर्टात नवं. जवळच आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, तीही साहेबाच्या दुकानाचीच, म्हणजे शंभर वर्षांनी चक्र त्याच चौकात आलं.

मी गेलो होतो, बायकोला घेऊन. दारवानाने दार उघडलं, नमस्ते म्हणाला. एक पाकीट उचललं, किंमत बघितली. वडिलांसारखंच "हं" निघालं तोंडातून. ठेवून दिलं.

उंबरठा_७१ | ९:४०

दारातून आत सोडलं का मोबाईल न दाखवता? मग प्रगती आहे. मी रविवारी जाईन. पंचा मिळतो का बघतो.

आकडेमोड | १०:१५

तिथे धंदा चालेल की नाही हे फोर्टातल्या पायी गर्दीवर नाही ठरणार, दक्षिण मुंबईतली लग्नं किती खर्च करतात त्यावर ठरेल. लंडनचं हॅरॉड्स-सेल्फ्रिजेस तगलं ते बाहेरून आलेल्या पैशावर. मधल्या भावाची दुकानं, डेबनम्स वगैरे, २०२१ ला संपली.

तिखटमीठ | १०:२२

टॉवेल आहेत का तिथे?

---

सातवा_मजला | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

धागा वर आलाच आहे तर माझ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, मार्चमध्ये टाळलं होतं. जुनी ईमेलं शोधली. चौदा वर्षांत त्या दुकानात मी एक छत्री, दोन टाय आणि बायकोसाठी काळे हातमोजे घेतले. छत्री घेतली कारण पाऊस थांबेना. हातमोज्यांतला एक त्याच संध्याकाळी ट्रेनमध्ये राहिला. हा माझा सगळा हातभार. कोबायाशींचा भात निदान दर आठवड्याला तरी विकला जात असेल.

आता बातमी. नाताळचा दिव्यांचा खेळ, जो १९५६ पासून चौकात होतो, तो या वर्षीही आहे. दुकान नाही, पण लोकांनी आणि संस्थांनी पैसे जमवले आणि इमारतीच्या नव्या मालकांनी चौक उघडून दिला. ऑर्गनही वाजतंय. त्यानंतर दुरुस्तीसाठी बंद. वरच्या मजल्यांवर घरं होणार आहेत.

रानजाई | ८:४५

म्हणजे वर्गणी काढून? आपल्या गणपतीसारखी?

सातवा_मजला | ८:५०

अगदी. या वेळी मी दिली. पावती जपून ठेवली आहे.

टाचणी | ९:३०

वीस तारखेला लेकीकडे न्यू जर्सीला येतेय. मला ते बघायचंय. चौकात उभं राहून बघायचं असतं की बसायला मिळतं? गुडघे कुरकुरतात.

सातवा_मजला | ९:३४

जमिनीवर बसतात सगळे, पण तुमच्यासाठी घडीची खुर्ची आणतो. शनिवारी साडेतीनला गरुडाजवळ. डाव्या पंखाखाली, उजव्याखाली शाळांच्या सहली असतात.

कोथरूडचा_बंडू | ९:३५

आणि गाडी?

टाचणी | ९:४१

ट्रेनने येईन हो. सातवा_मजला, येताना बायकोचा तो एकटा राहिलेला हातमोजा घेऊन या. त्यावर बेतून जोडीचा दुसरा शिवून देते, कापड आहे माझ्याकडे.